रिकामा वार

ग्रंथालयाच्या तळघरात बारा फोन,
बारा खुर्च्या, एकीचं चाक मोडलेलं.
ती माझी. मी उशिरा येते,
केमिस्ट्रीची लॅब सहाला दहा कमी असताना सुटते.

समोर कागद: आधी हवामान विचारा,
मग आठवणी, मग रक्कम.
अडीचशेपासून सुरू करा आणि गप्प बसा.
'गप्प बसा'खाली दोन रेघा.
नाही म्हणाले तर शंभर. मग पन्नास.
फोन ठेवताना आभार, शून्याचेही.

मागायला कोडगं व्हावं लागतं, आई म्हणते.
ती सीडर रॅपिड्सला दाताच्या दवाखान्यात बिलं लावते
आणि शेजारणीकडे आजवर तिने विरजणही मागितलेलं नाही.

गाव म्हणजे एक सिग्नल, मक्याचे दोन उंच सायलो
आणि आमचं कॉलेज: सहाशे चाळीस मुलं,
एक घंटा, चार मिनिटं पुढे.
गेल्या वर्षी पलीकडच्या गावातलं असंच एक बंद पडलं.
त्यांची बाकं आमच्याकडे आली,
खालच्या च्युइंगमसकट.

माझं नाव शर्वाणी.
"शर्ली?"
"हो," म्हणते मी. वेळ वाचतो.

आज यादीत बासष्ट सालची बॅच.
तिघं वारलेत. एकाने कुत्र्याच्या कानाला फोन लावला.
एक म्हणाले, पोरी, मी नातीचंच कर्ज फेडतोय अजून.
शून्य लिहिलं. आभार मानले.

मग आर्डिस टॉलेफसन, मुक्काम डेकोरा.
हवामान: गारठा, पण अजून बर्फ नाही.
आठवण: मेसच्या मोरीत चार वर्षं
भांडी घासून फी भरली, हात नोव्हेंबरपासून फुटायचे.
"तुझी फी कोण भरतं?"
हा प्रश्न कागदात नाही.

माझ्या मदतीच्या पत्रात सहा ओळी आहेत.
एका बँकवाल्याच्या विधवेने ठेवलेले आठशे.
चर्चमधल्या बायकांनी गोधड्या लिलावात काढल्या, त्यांचे साडेतीनशे.
औषधवाल्याचा मुलगा व्हिएतनामहून परतला नाही,
त्याच्या नावाचे बाराशे.
अशा सहा. कुणालाच मी पाहिलेलं नाही.
दर मे महिन्यात सगळ्यांना पत्रं लिहिते, हाताने,
खाडाखोड झाली की नवा कागद.

पणजोबा पुण्यात वार लावून शिकले.
सोमवार सबनिसांकडे, मंगळवार एका वकिलांकडे,
तिथे ताक पातळ आणि बोलणी घट्ट.
सहा घरं मिळाली. गुरुवार मिळाला नाही.
गुरुवारी ते उपास सांगायचे.
लोक म्हणत, काय दत्तभक्ती पोराची!
पुढे पगार सुरू झाला, घर झालं,
देव तर कधीच मानला नाही,
गुरुवार तेवढा धरून ठेवला मरेपर्यंत.

हे मी आर्डिसबाईंना का सांगितलं कोण जाणे.
नियम चार मिनिटांचा. माझी अकरा झालेली.
काचेपलीकडून ब्रेंट बोट गोल फिरवतोय: आटप.

"म्हणजे गुरुवारी काहीच खायचे नाहीत?"
"शेंगदाणे," मी म्हटलं.
मला माहीत नव्हतं. त्यांना बरं वाटावं म्हणून.

रक्कम. मी अडीचशे म्हणाले
आणि गप्प बसले.
तिकडे फ्रिज घरघरत होता.
"सव्वीस," त्या म्हणाल्या. "एकदाच हं, दरमहा नाही.
आणि कशासाठी ते लिहितेस ना तिथे?
लिही, गुरुवार."

रकान्यात पर्याय तीन: छप्पर, खेळ, सर्वसाधारण.
'इतर' शोधला. नव्हता.
सर्वसाधारणवर खूण केली,
मग पेन्सिलीने बाजूला, बारीक, मराठीत लिहिलं,
ब्रेंटला वाटेल सही आहे.

पिझ्झा फक्त आजच्या वारी येतो,
फोन करणाऱ्यांना फुकट.
दोन तुकडे खाल्ले, तिसरा कागदी रुमालात बांधला.
पत्रातली सातवी ओळ मी त्यांना सांगितली नाही:
उर्वरित, विद्यार्थ्याने भरणे.
चार हजार एकशे नव्वद.

खुर्ची डावीकडे कलते. पाय रोवून बसावं लागतं.
पुढचा नंबर, हार्लन व्होस, मुक्काम पेला.
हवामान काय म्हणतंय, सर, तिकडे?